प्रजनन जीवशास्त्राच्या लॅबमध्ये जॉइन होताय? आधी तिथली माणसं समजून घ्या

सोलापुरात झूलॉजी, बायोटेक, लाइफ सायन्स करणाऱ्या पोरापोरींकडनं एक प्रश्न सारखा येतो. रिप्रॉडक्टिव्ह बायोलॉजीच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट मिळालाय, नाहीतर पीएचडीला नंबर लागलाय, आता जॉइन व्हायच्या आधी काय वाचू? वाचायला भरपूर आहे, गाईडचे पेपर वाचा, प्रोटोकॉल वाचा, हार्मोनचा धडा परत एकदा काढा. पण माझं ठाम मत असं की पहिले तीन-चार आठवडे तिथली माणसं नीट समजून घेण्यात घालवावेत, कारण या विषयातलं बरंचसं ज्ञान कागदावर नसतंच, ते ऍनिमल हाऊसमध्ये प्रयोगाची जनावरं सांभाळणाऱ्या मामांच्या हातात असतं, टेक्निशियन ताईंच्या नजरेत असतं आणि तुमच्या आधी चार वर्षं तिथं राबलेल्या सीनियरच्या वहीत असतं.

दुसरं कारण वेळेचं. बाकीच्या लॅबमध्ये काम थोडं पुढंमागं ढकलता येतं, इथं घड्याळ जनावराचं आणि पेशीचं असतं. रॅटचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं, त्यात रविवार, दिवाळी, गड्ड्याची जत्रा काही येत नाही. रॅटमध्ये शुक्राणू तयार व्हायला साधारण ५२ दिवस लागतात, माऊसमध्ये ३५ च्या आसपास, त्यामुळं एखाद्या औषधाचा टेस्टिसवर, म्हणजे वृषणावर, काय परिणाम होतो हे बघायचं असेल तर दोन महिने रोज डोस द्यायलाच लागतो, मधे एक दिवस बुडाला तरी गाईड विचारणार. हे एकट्यानं होत नाही. कुणीतरी तुमच्या वतीनं डोस देणार, कुणीतरी पिंजरे बदलणार, कुणीतरी पहाटे इन्क्यूबेटरचं रीडिंग बघणार, आणि ती माणसं तुमच्यासाठी उभी राहतील की नाही हे तुम्ही पहिल्या महिन्यात कसं वागलात त्यावर ठरतं.

कोण काय करतं

वरती गाईड, म्हणजे सर किंवा मॅडम. राज्य विद्यापीठातल्या गाईडला लॅबशिवाय लेक्चर, पेपर तपासणी, नॅकच्या फायली, ऍडमिशन असली दहा कामं असतात, त्यामुळं "सर भेटतच नाहीत" म्हणून रुसून बसण्यात अर्थ नाही. जॉइन झाल्यावर सरळ विचारायचं, आठवड्यातला कुठला दिवस आणि कुठली वेळ माझी. मग त्या वेळेला एका पानावर तीन गोष्टी लिहून न्यायच्या, काय केलं, काय आलं, कुठं अडलंय. नुसतं "सर काम चालू आहे" म्हणायला जायचं नाही.

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झाल्यावर लॅबमध्ये संशोधन करणारे, आपल्याकडच्या विद्यापीठांत फारसे नसतात, ती जागा सीनियर पीएचडीवालेच भरून काढतात. त्यांच्याकडनं शिकायचं असेल तर त्यांचं काम चालू असताना शेजारी उभं राहायचं, ट्यूबवर लेबल लावून द्यायची, टायमर धरायचा, आणि प्रश्न काम संपल्यावर विचारायचे. टेस्टिस काढून बोइन्स फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ऊती टिकवायच्या द्रावणात, टाकेपर्यंतची दोन-तीन मिनिटं ही बोलायची वेळ नसते. बोइन्सवरनं आठवलं, त्यात पिकरिक ऍसिड असतं, आणि वाळलेलं पिकरिक ऍसिड स्फोटक असतं, त्यामुळं जुन्या बाटलीच्या झाकणाला पिवळी पूड चिकटलेली दिसली तर झाकण फिरवायचं नाही, बाटली तिथंच ठेवून सीनियरला बोलवायचं.

मग टेक्निशियन, लॅब असिस्टंट, लॅब अटेंडंट, स्टोअरकीपर, ऑफिसातले क्लार्क, ऍनिमल हाऊसचे मामा, व्हेटर्नरी डॉक्टर. पोरं काय करतात, सरांना वाकून नमस्कार करतात आणि अटेंडंटला "ए, जरा ते उचल" म्हणतात. असलं वागणं मला अजिबात पटत नाही, आणि ते कामालाही मारक आहे. सामान निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह १२१ डिग्रीला पूर्ण वेळ चालला की मधेच लाइट गेली होती हे फक्त त्या अटेंडंटला माहीत असतं. त्यानं ते तुम्हाला येऊन सांगावं असं वाटत असेल तर त्याच्याशी आधीपासनं माणसासारखं बोलणं असायला पाहिजे. सोलापुरात निम्म्या लॅबमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही एकदम चालू असतात, पूर्व भागातनं येणाऱ्या मावशी घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे मामा कन्नड. दुपारी डबा उघडताना "ऊटा आयता?" नाहीतर "तिन्नारा?" एवढं विचारता आलं तरी चेहरा बदलतो. आणि डबा लॅबच्या बाहेर बसून खायचा, हे वेगळं सांगायला नको.

ऍनिमल हाऊस

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथंच गोंधळतो.

पहिला नियम, मामांना न विचारता एकही पिंजरा हलवायचा नाही. कारण ऐका. १९५६ मध्ये व्हिटननं दाखवलं की माद्यांच्या घोळक्याजवळ नराचा वास आला की त्यांची ऋतुचक्रं जुळून येतात. १९५९ मध्ये हिल्डा ब्रूस या बाईंनी दाखवलं की नुकत्याच फळलेल्या माऊसजवळ दुसऱ्याच अनोळखी नराचा वास आला तर गर्भ रुजतच नाही. म्हणजे तुम्ही नुसता झाडायला अडचण होते म्हणून नराचा पिंजरा या रॅकवरनं त्या रॅकवर ठेवला तर कुणाच्या तरी सहा महिन्यांच्या प्रयोगाचे आकडे बिघडू शकतात, आणि त्याला कारणही कळणार नाही. मामांना ब्रूस माहीत नसेल, पण कुठला पिंजरा कुठून हलवायचा नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

दुसरं लाइटचं. बारा तास उजेड, बारा तास अंधार, टायमरवर. रात्री काहीतरी विसरलं म्हणून जाऊन लाइट लावायची नाही, मोबाइलचा टॉर्चपण नाही. रॅट माद्यांना सतत उजेडात ठेवलं तर चक्र थांबून त्या कायम इस्ट्रसमध्येच, म्हणजे माजाच्या अवस्थेतच, अडकतात, इतका उजेडाचा परिणाम असतो. आणि आपल्याकडं एप्रिल-मे ला बाहेर ४२-४३ चढतं तेव्हा एसी बंद पडला तर पहिला फोन कुणाला, जनरेटर कोण चालू करणार, रविवारी किल्ली कुणाच्या घरी असते, हे तीन नंबर जॉइन झालेल्या आठवड्यातच मोबाइलमध्ये सेव्ह करा. जनरेटरचं डिझेल कोण भरतं तेपण विचारून ठेवा.

आता व्हजायनल स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशी स्लाइडवर घेऊन मादी चक्राच्या कुठल्या अवस्थेत आहे ते ओळखणं. हा या लॅबचा पहिला धडा म्हटलं तरी चालेल, आणि तो पुस्तकातनं येत नाही. मामा किंवा ताई रॅट कशी धरतात ते बघा. शेपटीच्या टोकाला धरून उचलत नाहीत, खांद्यामागनं तळहात घालतात, बोटं पुढच्या पायांखाली सैल, मागचे पाय दुसऱ्या हातावर टेकलेले, जनावर ओढाताण करत नाही. ड्रॉपरमध्ये दोन थेंब सलाइन, टोक जेमतेम आत, एकदा-दोनदा हलकं आतबाहेर, थेंब स्लाइडवर. घाईघाईत टोक खोल गेलं आणि सर्विक्सला, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला, धक्का लागला तर मादीला खोटी गर्भावस्था येऊ शकते, आणि मग साधारण बारा-चौदा दिवस चक्र बंद. म्हणजे हात जड असलेला विद्यार्थी आणि अनियमित चक्र असलेली रॅट हे बऱ्याचदा एकाच प्रॉब्लेमचे दोन भाग असतात.

स्लाइडवर गोल, न्यूक्लिअस दिसणाऱ्या पेशी जास्त असतील तर प्रोइस्ट्रस, कडा दुमडलेल्या न्यूक्लिअस नसलेल्या कॉर्निफाइड पेशींचा थर असेल तर इस्ट्रस, बारीक पांढऱ्या रक्तपेशी भरपूर असतील तर डायइस्ट्रस, आणि सगळी मिसळ असेल तर मेटइस्ट्रस. वेळ रोज तीच ठेवा, सकाळी नऊ तर रोज नऊ. निदान दोन सलग चक्रं नीट बघितल्याशिवाय मादी प्रयोगात घेऊ नका. आणि पहिले काही दिवस तुमचं वाचन आणि ताईंचं वाचन वेगवेगळं लिहा, मग जुळवा. जिथं जुळत नाही तिथं वाद न घालता दोघांनी परत एकदा स्लाइड बघायची.

मेटिंगला लावलं असेल तर पहाटेची किंवा सकाळी लवकरची फेरी कोण मारणार ते आदल्या दिवशी ठरवा. माऊसमध्ये प्लग, म्हणजे मेटिंगनंतर योनीत घट्ट झालेला वीर्याचा गोळा, दिसतो, दुपारपर्यंत गळून जातो, रॅटमध्ये प्लग लवकर पडतो म्हणून स्मिअरमध्ये शुक्राणू बघतात. आणि तो दिवस शून्य धरायचा की एक, हे लॅबवर अवलंबून असतं, त्यामुळं पहिल्याच दिवशी विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा, नाहीतर तुमचा दहावा दिवस आणि सीनियरचा दहावा दिवस वेगळा निघतो आणि दोघांचे निकाल कधीच जुळत नाहीत.

परवानगीचं विसरू नका. जनावरावरचा कुठलाही प्रयोग इन्स्टिट्यूटच्या ऍनिमल एथिक्स कमिटीनं मंजूर केल्याशिवाय चालू होत नाही, त्या कमिटीत जनावरांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईएनं, म्हणजे आधीच्या सीपीसीएसईएनं, नेमलेली बाहेरची माणसं असतात. त्यातल्या व्हेटर्नरी डॉक्टरला आणि सामाजिक प्रतिनिधीला पोरं अडथळा समजतात. उलट फॉर्म भरायच्या आधीच व्हेटला जाऊन भेटा, किती जनावरं लागतील, वेदना कमी कशी करता येईल, भूल कुठली, हे त्यांना विचारा. त्यांनी संख्या कमी सुचवली तर ती तुमच्या फायद्याचीच असते, कमी जनावरं आणि जास्त नीट काम.

पहाटे ओव्हरी आणायला जाताना

बऱ्याच लॅब म्हशीच्या नाहीतर शेळीच्या ओव्हरीवर, म्हणजे अंडाशयावर, काम करतात. गोवंशहत्याबंदीमुळं आपल्याकडं गाईचा प्रश्नच येत नाही. आणि आपल्या जिल्ह्याला हा विषय जवळचा आहे, पंढरपुरी म्हैस इथली, शेजारच्या धाराशिवची उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी नावाजलेली, त्यामुळं आपल्या पोरांनी या जनावरांवर काम करावं असं मला मनापासनं वाटतं.

ओव्हरी कत्तलखान्यातनं येतात, आणि तिथला खाटीक हा तुमच्या प्रयोगातला पहिला माणूस असतो. तो वैतागला तर प्रयोग तिथंच संपला. आधी एकदा नुसतं भेटायला जा, विद्यापीठाचं पत्र दाखवा, आपण काय करतो ते साध्या शब्दांत सांगा की म्हशी गाभण का राहत नाहीत ते शोधतोय, त्यासाठी हे लागतं. या लोकांना जनावराच्या आतलं आपल्यापेक्षा जास्त बघायला मिळालेलं असतं, गर्भपिशवी बघून गाभण होती की नाही ते लगेच सांगतात. वेळ त्यांची, पहाटेची, त्यांच्या कामाच्या मधे लुडबूड करायची नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि ठरलंय तेवढे पैसे रोख आणि तिथल्या तिथं.

थर्मास न्यायचा, बर्फाचा डबा नाही. नवीन पोरांना वाटतं बर्फात टिकेल, पण थंडीनं अंडपेशी खराब होते. अँटिबायोटिक घातलेलं कोमट सलाइन, साधारण ३० ते ३७ डिग्री, आणि दोन-चार तासांच्या आत लॅब. सोलापूरच्या उन्हात उलटा धोका असतो, गाडीच्या डिकीत ठेवलेला थर्मास सदतीसच्या वर जाऊ शकतो, म्हणून तो मागं बसलेल्याच्या मांडीवर असू द्या आणि पोचल्यावर आधी थर्मामीटर घाला, आकडा वहीत लिहा.

लॅबमध्ये आल्यावर ओव्हरी धुवून घेतली की वरती भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पाणीदार फॉलिकल, म्हणजे अंडपेशी असलेले फोड, दिसतात. दोन ते आठ मिलिमीटरचे निवडायचे, १८ गेजची सुई, सिरिंज हळू ओढायची. जोरात ओढलं की अंडपेशीभोवतीच्या क्यूम्युलस पेशी निघून जातात आणि उघडी पडलेली अंडपेशी फारशी उपयोगाची राहत नाही. म्हशीत तर गाईच्या मानानं फॉलिकलच कमी असतात, त्यामुळं एकेक जपायला लागते. एकानं ऍस्पिरेट करायचं, दुसऱ्यानं मायक्रोस्कोपखाली शोधून ग्रेड करायच्या, तिसऱ्यानं मीडियाचे थेंब तयार ठेवायचे. तिघंही एकमेकांशी मोठ्यानं बोलत काम करतात, "सात ए ग्रेड, तीन बी", आणि एकजण लिहितो.

मग अंडपेशी पिकायला इन्क्यूबेटरमध्ये ३८.५ डिग्री, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, साधारण २२ ते २४ तास. म्हणजे सोमवारी सकाळी अकराला ठेवलं तर मंगळवारी सकाळी नऊ-दहाला माणूस पाहिजेच, नंतर फर्टिलायझेशन, मग ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे रुजण्याआधीच्या भ्रूणापर्यंत, आठवडाभर. रोस्टर सोमवारच्या आधी लिहा. "मी आहे की" असं तोंडी म्हटलेलं धरू नका, भिंतीवर कागद लावा, नाव, वेळ, फोन.

कल्चर रूमच्या शिस्ती

इन्क्यूबेटरचं दार उघडायच्या आधी आत आणखी कुणाचं काय आहे ते बाहेरच्या वहीत बघा. दर उघडण्याला गॅस आणि तापमान दोन्ही पडतं, म्हणून दोघांची कामं एकदम उरका. परफ्यूम, डिओ, नेलपॉलिश लावून आत जायचं नाही, भ्रूण असल्या वाफांना फार नाजूक असतो. मोगऱ्याचा गजरापण बाहेर. दसऱ्याला, खंडेनवमीला मशीनची पूजा करायची पद्धत बऱ्याच लॅबमध्ये आहे, मनापासनं करा, पण अगरबत्ती आणि धूप कल्चर रूमच्या आसपाससुद्धा नको, मायक्रोस्कोपला हळदकुंकू बाहेरच्या टेबलावर वाहा. हे अटेंडंट मामांना आदल्या दिवशी नीट समजावून सांगा, ऐनवेळी हातातली अगरबत्ती काढून घेऊ नका.

लिक्विड नायट्रोजन उणे १९६ डिग्री. तो ठेवायच्या टाकीची, म्हणजे क्रायोकॅनची, पातळी कोण मोजतं, कुठल्या दिवशी, सप्लायरची गाडी कधी येते, हे एकाच माणसाच्या डोक्यात ठेवायचं नाही, कारण तो गावाला गेला की वर्षानुवर्षांचे सॅम्पल वितळतात. बंद खोलीत नायट्रोजन सांडला तर हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कळतसुद्धा नाही, म्हणून एकट्यानं भरायचा नाही, दार उघडं, आणि लिफ्टमध्ये कॅनबरोबर माणूस जाणार नाही.

शुक्राणू मोजायला स्लाइड ३७ डिग्रीला गरम पाहिजे, नाहीतर चांगले पोहणारेही मंदावलेले दिसतात आणि तुम्ही औषधाला दोष देता. डब्ल्यूएचओच्या मॅन्युअलमध्ये दोन वेगवेगळे रेप्लिकेट आणि प्रत्येकात निदान २०० शुक्राणू मोजायला सांगितलंय. माझं म्हणणं, शक्य तिथं मोजणाऱ्याला कुठला ग्रुप आहे ते माहीतच नसू द्या, कोड दुसऱ्यानं घालायचा. मैत्रीत हे अवघड वाटतं, पण मैत्रीतच ते करून घेता येतं.

एक गोष्ट खास सांगायचीय. लॅबमध्ये लग्न झालेल्या मुली असतात, काहीजणी प्रेग्नंट असतात किंवा ट्राय करत असतात. जनावरांचं चक्र जुळवायला वापरतात ती प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शनं कातडीतनं शोषली जातात, गरोदर बाईनं आणि दम्याच्या माणसानं ती हाताळूच नयेत. फॉर्मॅलिन, झायलीन यांपासनंही त्यांनी लांब राहायचं. त्यामुळं गाईडनं आणि सीनियरनं कुणाला "गुड न्यूज आहे का" असं विचारत न बसता सरळ नियम करावा की कुणीही कारण न सांगता कुठलंही केमिकल हाताळायचं काम नाकारू शकतं, आणि ते काम दुसऱ्यानं घ्यायचं. रात्री उशिरा काम असेल तर मुलीला घरी कोण सोडणार हेपण रोस्टरमध्येच लिहायचं, केगावच्या विद्यापीठातनं रात्री दहाला रिक्षा शोधत उभं राहायला लागू नये.

माणसांचे सॅम्पल असतील तर

काही लॅब हॉस्पिटल किंवा आयव्हीएफ क्लिनिकबरोबर काम करतात. मग तुमच्या टीममध्ये गायनॅकॉलॉजिस्ट, एम्ब्रिऑलॉजिस्ट, काउन्सेलर, सिस्टर येतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते जोडपं येतं. डब्ल्यूएचओनं २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात, तुमच्या लॅबमध्येसुद्धा अशी माणसं आहेत. "वांझ" हा शब्द तोंडात येता कामा नये, आणि दोष बाईचाच धरून बोलणं तर अजिबात नाही, पुरुषाच्या बाजूची कारणं खूप जोडप्यांत असतात.

सोलापूर तसं ओळखीचं गाव. सॅम्पल देणारा तुमच्या कॉलेजचा, भावकीतला, बाजूच्या दुकानातला निघू शकतो. ट्यूबवर फक्त कोड, नाव कधीच नाही. कोडची यादी एकाच जबाबदार माणसाकडं कुलपात. ओळखीचा माणूस दिसला तर तुम्ही आत जा, सिस्टरला पुढं करा, आणि बाहेर भेटला तरी विषय काढू नका. ही गोष्ट घरीसुद्धा बोलायची नाही, बायकोशी नाही, आईशी नाही.

संमतीपत्र त्यांच्या भाषेत पाहिजे, मराठी, कन्नड, तेलुगू, आणि नुसती सही घ्यायची नाही, वाचून दाखवायचं, प्रश्न विचारू द्यायचे, नको म्हणाले तर चेहरा पाडायचा नाही. मानवी सॅम्पलसाठी वेगळी एथिक्स कमिटी असते, तिची मंजुरी लागते. एआरटीचा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा, कायदा २०२१ चा आहे, क्लिनिक आणि वीर्य-अंडपेशींच्या बँका नोंदणी केलेल्याच पाहिजेत, आणि १९९४ चा गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा तर सगळ्यांना माहीत आहेच, मुलगा की मुलगी या विषयावर कुणी नातेवाईक नुसतं गमतीनं विचारलं तरी उत्तर एकच, आम्ही ते करत नाही आणि बोलत नाही.

घरच्यांना काय सांगायचं, हा पण प्रश्न असतो. "पोरगी काय शिकते?" म्हणून पाहुण्यांनी विचारलं की आई गप्प बसते. लाजायचं काही कारण नाही. जनावरं गाभण का राहत नाहीत, मूल होत नसलेल्यांना काय मदत करता येईल, औषधांचा आणि फवारणीचा बीजावर काय परिणाम होतो, हे आमचं काम, असं स्पष्ट सांगा. दारात दुभतं जनावर बांधलेल्या माणसाला ते दोन मिनिटांत कळतं, तो पुढं दहा प्रश्न विचारतो.

पैसे, कागद आणि बाहेरचं ट्रेनिंग

जेआरएफ ही केंद्राची संशोधन फेलोशिप मिळाली असेल तर २०२३ पासनं महिना ३७ हजार आणि घरभाडं, पुढच्या टप्प्याच्या एसआरएफला ४२ हजार. नसेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पैसे वेळेवर येतीलच असं धरू नका. ऑफिसातल्या क्लार्कशी चांगलं वागा, आणि चांगलं वागणं म्हणजे हाजी हाजी नव्हे, कागद पूर्ण भरून, तारखेच्या आत, झेरॉक्ससकट देणं. मार्च महिन्यात युटिलायझेशन सर्टिफिकेटची, म्हणजे पैसे कुठं खर्च झाले त्या दाखल्याची, घाई असते, तेव्हा स्वतःहून जाऊन बिलं लावून द्या.

मोठ्या ठिकाणी आठ-पंधरा दिवस जाऊन या. परळचं आयसीएमआरचं नॅशनल इन्स्टिट्यूट, जे प्रजनन आणि बालआरोग्यावरच काम करतं, तिथं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी पोचता येतं. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभं केलेलं बाएफ तर पुण्याच्या वाटेवरच आहे, गोठवलेलं वीर्य आणि कृत्रिम रेतन म्हणजे काय ते तिथं कळतं. हैदराबादला सीसीएमबीचं लॅकोन्स दुर्मिळ प्राण्यांवर काम करतं. जाताना गाईडचं पत्र, आणि येताना तिथल्या टेक्निशियनचा नंबर. प्रोफेसरचा ईमेल वेबसाइटवर मिळतो, टेक्निशियनचा नंबर मिळत नाही आणि अडलं की उपयोगी तोच पडतो.

पेपरवर कुणाचं नाव

यावरनं लॅबमध्ये सगळ्यात जास्त मनं दुखावतात, म्हणून ते काम चालू करतानाच बोला. लाज वाटते, पण बोला. कोण पहिलं नाव, कुणाचं काम किती झालं तर ऑथर, कुणाचे आभार.

१९७८ साली लुईस ब्राउन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली तेव्हा एडवर्ड्स आणि स्टेप्टो ही दोन नावं जगभर झाली. तिसरी होती जीन पर्डी, शिकलेली नर्स, लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून आलेली, जो भ्रूण पुढं लुईस झाला त्याच्या पेशी विभागताना पहिल्यांदा तिनं बघितल्या. तिच्या हयातीत तिचं नाव या कामाच्या स्मरणफलकावर आलं नाही, एडवर्ड्सनी आग्रह धरूनसुद्धा नाही, ती १९८५ ला गेली आणि तिचं नाव असलेला फलक २०१५ मध्ये लागला. आपल्याकडं त्याच १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात सुभाष मुखोपाध्याय यांनी, सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य या दोघांना बरोबर घेऊन, तेच करून दाखवलं, आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. १९८६ ला मुंबईत केईएम हॉस्पिटलात हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या टीममुळं, आणि पुढं १९९७ मध्ये याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांचे कागद वाचून जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या नावावर असलेला मान दुसऱ्याला देणारा असा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो.

तुमच्या पेपरच्या आभारात ऍनिमल हाऊसच्या मामांचं पूर्ण नाव, नीट स्पेलिंग विचारून, घाला. ओव्हरी देणाऱ्या खाटीक भाऊंना घालायचं असेल तर आधी विचारा, काहींना नाव नको असतं. थीसिस छापून आल्यावर ते पान त्यांना दाखवा, इंग्रजी वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

आणि लॅब सोडताना हँडओव्हर लेखी द्या. फ्रीजरच्या कुठल्या बॉक्समध्ये कुठल्या खान्यात काय, क्रायोकॅनमधला कुठला कॅनिस्टर तुमचा, कुठली मादी कधी मेटिंगला लावलीय, कुठल्या अँटिबॉडीचं डायल्यूशन काय जमलं आणि काय जमलं नाही, हे सगळं एका वहीत, मराठीत लिहिलं तरी चालेल, आणि एक प्रत टेक्निशियन ताईंकडं. पुढचा जॉइन होणारा पहिले दोन दिवस तुमच्याबरोबर बसला पाहिजे, त्यासाठी शेवटची तारीख गाईडशी बोलूनच ठरवा. वहीच्या कव्हरवर मोबाइल नंबर लिहा, आणि नंतर फोन आला तर उचला.